विश्लेषण : मुलांची शाळा घरातच भरवायची, तर खोली कशी हवी? कायदा काय सांगतो?

नर्सरीचे वाढते शुल्क, प्रवेशासाठीची धावपळ आणि शाळेच्या बसमधला लांबलचक प्रवास यांना कंटाळून काही पालक लहान मुलांना घरीच शिकवण्याचा विचार करताना दिसतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांनी हा अनुभव नाइलाजाने घेतला होता. आता तो स्वेच्छेने घेऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा खोलीचा असतो. समाजमाध्यमांवरील फिकट रंगांच्या भिंती, लाकडी मांडण्या आणि ओळीने ठेवलेली महागडी साधने पाहून ‘आपल्या दोन खोल्यांत हे जमणार कसे,’ अशी शंका येते. तीन ते आठ वर्षांच्या मुलाला शिकण्यासाठी प्रत्यक्षात किती जागा आणि किती वस्तू लागतात? आणि खोली सजली तरी कोणते प्रश्न उरतात?

घरी शिकवण्याला कायद्याची परवानगी आहे का?

शिक्षण हक्क कायदा २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना लागू होतो. म्हणजे सहा वर्षांपर्यंत मुलाला बालवाडी किंवा नर्सरीत घालण्याची सक्ती नाही. सहाव्या वर्षानंतर मात्र चित्र धूसर होते. कायद्याच्या कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकांसाठी या कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. हा कायदा गृहशिक्षणाच्या आड येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मांडली होती. पुढे सरकारने ती बदलली. गृहशिक्षणाला ना स्पष्ट मान्यता, ना स्पष्ट बंदी, अशी ही स्थिती आहे.

परतीची वाट मात्र कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत.

घरात शाळेच्या वर्गाची नक्कल का नको?

घरी शिकवायचे ठरले की फळा, बाकडे आणि भिंतभर तक्ते आणण्याकडे अनेकांचा ओढा असतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ मानला. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. तो खेळ, गोष्ट, गाणे, हाताने करण्याच्या गोष्टी आणि गप्पा यांवर भर देतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठरावीक पाठ्यपुस्तके नसावीत, असेही तो सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ‘जादुई पिटारा’ या सरकारी संचातही खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे यांचाच भरणा आहे. वर्गांमधूनच बाकांच्या रांगा जाव्यात, पुस्तकांचा, ठोकळ्यांचा, बाहुलीघराचा कोपरा यावा असे धोरण सांगत असताना, घरात बाकडे आणणे म्हणजे शाळा जे सोडू पाहते तेच उचलून आणणे.

मांडणीचे मूळ तत्त्व कोणते?

त्यासाठी शंभरहून अधिक वर्षे मागे जावे लागते. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तिथे शिकण्याची साधने कपाटात कुलूपबंद असत आणि शिक्षिका ती मुलांना काढून देत असे. एके दिवशी कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षिका थोडी उशिरा पोहोचली, तोवर मुलांनी आपापल्या पसंतीची साधने काढून काम सुरू केले होते. माँटेसरींनी याला चोरी मानले नाही. मुलांना निवडता येते, असा अर्थ त्यांनी काढला. मग उंच कपाटांच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

‘मोठ्यांना न विचारता मुलाला वस्तू घेता यावी आणि परत जागेवर ठेवता यावी’ हे खोलीच्या मांडणीचे मूळ सूत्र तिथून आले. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी वरचा कप्पा अडीच-तीन फुटांहून उंच नको. बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत. चित्र लावायचे तर मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत, मोठ्यांच्या नव्हे. एका ताटात किंवा टोपलीत एकच काम, त्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंसह ठेवावे. पुस्तकांचे मुखपृष्ठ समोर दिसावे, कारण वाचता न येणारे मूल पुस्तक चित्रावरून ओळखते.

किती वस्तू पुरेशा?

बहुतेक घरांत वस्तू कमी नसतात, जास्त असतात. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३६ लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसह खेळू दिले गेले. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि अधिक निरनिराळ्या प्रकारे खेळली. भिंतींबाबतही असेच दिसते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात २४ बालवर्गीय मुलांना कधी तक्ते-चित्रांनी भरलेल्या, तर कधी मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवले. भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ विचलित झाले, मोकळ्या वर्गात २८.४ टक्के. धड्यावरील प्रश्नांची बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली.

हे दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यामुळे ते अंतिम सत्य मानता येत नाहीत. पण रोजच्या वापरासाठी त्यातून एक सोपा नियम निघतो. एका वेळी आठ-दहा वस्तूच बाहेर ठेवाव्यात आणि बाकीच्या माळ्यावर किंवा पलंगाखालच्या पेटीत जाव्यात. दर आठवड्या-पंधरवड्याने ज्या वस्तूकडे मूल फिरकत नाही ती आत, जुनी पुन्हा बाहेर. तीन आठवड्यांनी समोर आलेले तेच कोडे मुलाला नवे वाटते. भिंतीवर एक-दोन चित्रे पुरतात आणि त्यात मुलाने स्वतः काढलेले एक असावे.

वेगळी खोलीच नसेल तर?

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. मुंबईतील चाळी आणि वस्त्यांत तर ‘मुलांची खोली’ हा शब्दच चैनीचा वाटतो. पण लहान मुलाच्या शिकण्याला खोलीपेक्षा सीमा आणि ठरलेली वेळ जास्त लागते. माँटेसरी बालघरांत मूल काम सुरू करण्याआधी छोटी चटई पसरते. ती चटई हीच त्याची जागा, आणि त्यावरच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही. घरात एक सतरंजी हेच काम करते. सकाळी पसरली की शाळा सुरू, गुंडाळली की संपली.

खिडकीजवळचा उजेडाचा कोपरा, कपाटाचा सर्वात खालचा कप्पा आणि एक झाकणाची पेटी एवढ्यावर भागते. दूरचित्रवाणी संच त्याच खोलीत असेल तर त्या वेळात तो बंद हवा. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून जास्त नसावा, तो जितका कमी तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. ‘शैक्षणिक’ ॲपवरचा वेळही त्यातच मोजावा लागतो.

विकतच्या साधनांशिवाय चालते का?

याचे उत्तर महाराष्ट्राकडेच आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले. नंतर त्या बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी भागात गेल्या. परदेशी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती हेच साहित्य मानले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

स्वयंपाकघरात हे साहित्य आजही आहे. राजमा आणि हरभरे वेगळे करणे म्हणजे वर्गीकरण, डब्यांना झाकणे लावणे म्हणजे आकारांची ओळख. कणकेचा गोळा मळताना बोटांत लेखनासाठी लागणारी ताकद येते. एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतणे हा एकाग्रतेचा धडाच आहे. मराठी गोष्टींसाठी नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तके आहेत, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर गोष्टी मोफत मिळतात.

सुरक्षिततेसाठी काय पाहावे?

मुलाच्या हाताला सगळे लागावे असे म्हटले की जबाबदारीही वाढते. मांडणी किंवा कपाट भिंतीला पक्के जोडलेले हवे, कारण मुले त्यावर चढतात. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर चिंचोके, मणी, हरभरे मोठ्यांच्या देखरेखीखालीच काढावेत. ते घशात अडकू शकतात. खेळण्यांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या गिळल्या गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून त्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. स्वस्त खेळणे घेताना ते पाहिले जात नाही, ते पाहायला हवे.

खोलीने न सुटणारे प्रश्न कोणते?

घरच्या शाळेचा सर्वात मोठा खर्च फर्निचरचा नसतो, मोठ्या माणसाच्या वेळेचा असतो. मांडणी कितीही नीट असली तरी जवळ बसून ऐकणारे, प्रश्न विचारणारे कोणी तरी लागतेच. बहुतेक घरांत हे काम आईच्या वाट्याला येते आणि तिची नोकरी सुटते किंवा अर्ध्यावर येते. शाळेच्या शुल्कात वाचलेल्या रकमेशेजारी ही किंमतही लिहिली, तरच हिशेब खरा ठरतो. आजी-आजोबा मदतीला असतील तर भार हलका होतो, पण त्यांच्याही थकव्याचा विचार आधी व्हायला हवा.

दुसरा प्रश्न सोबत्यांचा. वाट पाहणे, वाटून घेणे, भांडून पुन्हा एक होणे हे समवयस्कांतच शिकता येते. त्यासाठी रोज संध्याकाळी मैदान, सोसायटीतली मुले किंवा आठवड्यातून काही दिवस जवळची अंगणवाडी यांची जोड लागते. तिसरा प्रश्न नोंदींचा. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, मुलाच्या कामाचे तारीखवार नमुने एका फाइलमध्ये असले तर पुढे शाळेत जाताना मुलाला काय येते हे दाखवता येते.

त्यामुळे खरेदीची यादी करण्याआधी पालकांनी दोन आठवडे करून पाहण्यासारखा प्रयोग आहे : एक सतरंजी, आठ वस्तू, रोज ठरलेला दीड तास आणि त्या वेळात फोन बाजूला ठेवलेले एक मोठे माणूस. पंधरा दिवसांत हा दीड तास रोज निघाला नाही, तर अडचण खोलीची नाही हे स्पष्ट होईल. आणि तो निघाला, तर बाकीची मांडणी काय हवी हे मूल स्वतःच दाखवून देईल.