रिमोट कुणाच्या हातात?



दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग बघू, पोराला रिमोटची गाडी कुठली घेऊ?" सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं कळतं, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. पण हा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो, कारण लहानपणापासून आजतागायत मी या गाड्या उघडून बघत आलोय.

प्रश्नाबरोबर सहसा चार फोटो येतात. एक गाडी धूर सोडणारी, एक भिंतीवर चढणारी, एक दिवे आणि गाणी असलेली आणि एक ताशी ४० किलोमीटर पळणारी. खाली विचारलेलं असतं, "यातली बेस्ट कुठली?" माझं उत्तर दर वेळी तेच असतं. जी गाडी मूल स्वतः चालवू शकेल, आणि जी मोडली तरी तुम्हाला रात्री शांत झोप लागेल, ती गाडी बेस्ट. बाकी सगळं त्यानंतर.

आधी हात बघा, मग गाडी

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला रिमोटची गाडी नको. चाकाचं रबर, अँटेनाचं टोक, स्क्रू असं काहीही थेट तोंडात जातं. खोक्यावर तशी सूचना छापलेली असते, ती गंभीरपणे घ्या.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दोन बटणांचा रिमोट पुरे. एक बटण दाबलं की गाडी सरळ पुढे जाते, दुसरं दाबलं की मागे येताना एका बाजूला वळते. एवढ्यावरही गाडी हवी तिकडे नेता येते. मूल अर्ध्या तासात ते शिकतं आणि खूश होतं.

पाच-सहा वर्षांपासून पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे अशी चारही कामं करणारा रिमोट द्यावा. स्वस्त गाड्यांत ही बटणं म्हणजे नुसती चालू-बंद असतात. गाडी एक तर पूर्ण वेगाने पळते, नाही तर थांबते. वळायचं तरी पूर्ण, नाही तर मुळीच नाही. जरा बऱ्या गाडीत बटण जितकं दाबाल तितका वेग आणि चक्र जितकं फिरवाल तितकंच वळण मिळतं. आठ वर्षांच्या पुढे पैसे घालायचे असतील तर यात घाला. दिवे आणि गाण्यांची गंमत चार दिवसांत संपते, पण गाडी हळूच वळवता येण्याची मजा वर्षभर पुरते.

या खेळात खरं अवघड काय असतं, ते मोठ्यांच्या लक्षात येत नाही. गाडी आपल्यापासून लांब जात असते तेव्हा डावं बटण दाबलं की ती आपल्या डावीकडे वळते. तीच गाडी आपल्या दिशेने येऊ लागली की सगळं उलटं. आता डावं बटण दाबलं की ती आपल्या उजवीकडे जाते. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या भाचीला घेऊन मी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गेलो होतो. गाडी परत येताना दर वेळी एकाच झाडावर आपटत होती. पाच वेळा, सहा वेळा. ताई म्हणाली, "अरे, दाखव ना तिला!" मी म्हटलं, थांब जरा. सातव्या वेळी भाचीने काय केलं असेल? गाडी वळून आपल्याकडे येऊ लागली तशी ती स्वतःच पाठमोरी झाली आणि मान मागे वळवून गाडीकडे बघत चालवू लागली. आता गाडीचं तोंड आणि तिचं तोंड एकाच दिशेला! गाडी झाडाच्या बाजूने सरळ निघून आली. "मामा, मी गाडीत बसले असं समजायचं," असं तिनेच मला समजावलं. थोड्या दिवसांनी तिला पाठमोरं व्हायचीही गरज उरली नाही. दुसऱ्याच्या जागेवरून जग बघायला शिकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे ती जागा गाडीची असते.

घर बघा, अंगण बघा, आजी बघा

खोक्यावर १:१६, १:२४ असे आकडे असतात. ते खऱ्या गाडीच्या तुलनेतलं माप आहे. खरी गाडी चार मीटर लांब धरली, तर १:२४ ची गाडी साधारण १७ सेंटिमीटर, १:१६ ची २५ आणि १:१० ची तब्बल ४० सेंटिमीटर भरते. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून हा आकडा वाचा. फ्लॅटमध्ये खेळायला १:२४ पुरे. अंगण, गच्ची किंवा मैदान जवळ असेल तर १:१६. त्याहून मोठी गाडी मूल मोठं झाल्यावर बघू.

आता वेग. ताशी २० किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, आपली स्कूटर त्याहून जोरात जाते. पण ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. आपला हॉल बारा फुटांचा. म्हणजे गाडी पाऊण सेकंदाच्या आत या भिंतीवरून त्या भिंतीवर. एवढ्यात मोठ्या माणसाचंही बोट बटणावरून उचललं जात नाही. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने, तेच अंतर कापायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात मूल बघतं, विचार करतं आणि वळवतं. घरात खेळायच्या गाडीला एवढा वेग पुष्कळ झाला. काही गाड्यांच्या रिमोटवर वेग कमी करायचं बटण असतं. ते असेल तर उत्तमच.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर एक नियम पहिल्या दिवशीच लावा. ते चालत असताना गाडी थांबलेली, आणि खेळ संपल्यावर गाडी टोपलीत. गुळगुळीत फरशीवर पायाखाली चाकं आली तर काय होतं, ते सांगायला नको. या वयात खुब्याचं हाड मोडणं महाग पडतं.

बाहेरचं म्हणाल तर आपल्या बेळगावची लाल माती आणि पाऊस दोन्ही या गाड्यांचे शत्रू. बारीक धूळ गिअरमध्ये जाते, पाणी सर्किटमध्ये. खोक्यावर 'ऑफ-रोड' लिहिलेलं असलं म्हणजे गाडी डबक्यातून जाऊ शकते असं नव्हे. खडबडीत जमिनीवर चालवायची असेल तर चारही चाकांना जोर मिळणारी, पोटाखाली उंच आणि मऊ रबरी टायरची गाडी बघा. कडक प्लॅस्टिकची चाकं फरशीवर नुसती घसरतात.

दोन भावंडं, दोन गाड्या

सख्खी-चुलत भावंडं एकत्र जमणार असतील तर हे नक्की वाचा. बऱ्याच स्वस्त गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. अशा एकसारख्या दोन गाड्या घेतल्या की एकाच्या रिमोटने दुसऱ्याचीही गाडी पळते, आणि मग घरात जे रामायण घडतं ते तुम्ही कल्पू शकता. २.४ गिगाहर्ट्झच्या गाडीत रिमोट आणि गाडी एकमेकांची ओळख पटवून जोडी जमवतात, त्यामुळे पाच गाड्या एकदम पळाल्या तरी कुणी कुणाचं ऐकत नाही. खोक्यावर हा आकडा असतो. नसेल तर खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत दुकानदाराला दोन गाड्या एकदम सुरू करायला सांगा. दुकानातच खरं-खोटं कळेल.

जाता जाता, ही गंमत वाटते तितकी नवी नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लाटांवर चालणारी छोटी बोट दाखवली होती. मुलांना हे सांगून बघा, डोळे चमकतात.

बॅटरीचा हिशेब

"दोन तास चार्ज केली आणि पंधरा मिनिटांत बंद पडली, गाडी खराब निघाली," अशी तक्रार नेहमी येते. बहुतेक वेळा गाडी ठीकच असते. ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि मोटर दोन अँपिअर खेचत असेल, तर गणिताने पंधराच मिनिटं येतात. म्हणून जास्तीची बॅटरी वेगळी मिळते का, ते आधी विचारा. मिळत नसेल तर मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे रडारड होत नाही.

लिथियम बॅटरीचे चार नियम पाठ करून ठेवा. गाडीबरोबर आलेलीच केबल वापरायची. खेळ संपल्यावर बॅटरी गार होऊ द्यायची, मग चार्जिंग. गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून किंवा रात्रभर लावून चार्ज करायची नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, टोचायची नाही आणि कचऱ्याच्या बादलीत टाकायची नाही. ती ई-कचऱ्यातच द्यायची. चार्जिंगचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी नाही.

रिमोटमध्ये पेन्सिल सेल असतील तर बरं. काही छोट्या रिमोटमध्ये बटणासारखा चपटा गोल सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. तसं झाल्याची शंका जरी आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक हॉस्पिटल गाठा. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे की नाही, ते दुकानातच बघा. नखाने उघडणारं झाकण असेल तर ती गाडी तिथेच ठेवा.

आणि आयएसआय मार्क. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. मार्कच्या जवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवान्याचा नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा आहे का ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

मोडणार तर आहेच

गाडी मोडणारच. पहिल्यांदा सहसा पुढच्या चाकांचा वळायचा दांडा जातो, मग मोटरची किंवा बॅटरीची वायर तुटते, मग गिअरचा दात. यातली वायर गल्लीतला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस डाग देऊन पाच मिनिटांत जोडतो. दांडा आणि गिअर सुटे मिळत असतील तर गाडी वर्षानुवर्षं चालते. म्हणून खालचे स्क्रू साधे आहेत का आणि सुटे भाग मिळतात का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचाराच. उघडायचं ठरलं तर मुलाला शेजारी बसवा. स्क्रू वाटीत ठेवायचं काम त्याचं. मोटर, गिअर आणि वायर एकत्र बघायला मिळतात तो दिवस मुलं विसरत नाहीत. आणि हे सगळं मुलींनाही लागू आहे, बरं का. "भाचीला बाहुली आणि भाच्याला गाडी" हा हिशेब आता पुरे झाला.

किमतीचं म्हणाल तर कितीची घ्यावी हे ज्याचं त्याने ठरवावं. माझी कसोटी एकच आहे. गाडी इतकी महाग नको की तिचा पहिला ओरखडा पाहून आपला आवाज चढेल. पुष्कळ घरांत शोकेसमध्ये किंवा कपाटावर एक मोठी, चकचकीत रिमोटची गाडी खोक्यासकट ठेवलेली असते. "तो मोठा झाला की देऊ, आत्ता मोडेल." रविवारी बाबा ती खाली काढतात, स्वतः चालवतात आणि मूल बाजूला उभं राहून "बाबा, मी? बाबा, आता मी?" करत असतं. त्या गाडीचे पैसे गेले ते गेलेच, शिवाय मुलाला हेही कळलं की घरात त्याच्यापेक्षा गाडीला जपलं जातं.

तेव्हा या दिवाळीत गाडी घेतलीत तर एक करून बघा. किल्ला उतरवाल तेव्हा माती, विटा आणि फळ्या लगेच टाकून देऊ नका. फळीचा उतार करा, विटांची वळणं करा, मातीचा एक छोटा घाट करा. मुलाला सांगा, हा आपला चोर्ला घाट, गाडी पलीकडे गोव्यात पोचवायची. मग रिमोट त्याच्या हातात द्या आणि आपले हात पाठीमागे बांधून उभे राहा. गाडी उलटेल, भिंतीवर आपटेल, घाटात अडकेल. आपले हात शिवशिवतील. तरीही किमान दहा मिनिटं मागेच ठेवा.

गाडी गोव्यात पोचली की मला जरूर कळवा. भेटू पुढच्या महिन्यात.