इंग्रजीच्या तासाला सीमाभागाची शिदोरी

बिदर जिल्ह्यातील निर्णा ज्या पट्ट्यात वसले आहे, तेथे कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू या भाषा शेजारी नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तत्कालीन मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात. उर्वरित भाग म्हैसूर राज्यात आला. नकाशा बदलला, तरी सोयरीक आणि बाजारहाट यांनी या भाषांमधील ये-जा चालू ठेवली.

या भागातील विद्यार्थी पदवीला इंग्रजी शिकू लागतो, तेव्हा ही शिदोरी वर्गाबाहेरच राहते. लेखी परीक्षेत व्याकरण आणि पाठांतर तपासले जाते. परक्या माणसाशी समजून-उमजून बोलता येते का, हे तपासले जात नाही. परिणामी चार भाषांत व्यवहार करणारा तरुण नोकरीच्या मुलाखतीत उच्चाराच्या धास्तीने गप्प बसतो आणि संधी गमावतो.

ब्रिटिश अभ्यासक मायकल बायरम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक संवादक्षमतेचा आराखडा मांडला. इंग्रज माणसासारखे बोलणे हे ध्येय त्यांनी बाजूला ठेवले आणि दोन संस्कृतींमध्ये दुवा साधणारा भाषिक हा आदर्श मानला. कुतूहल, दोन्ही समाजांचे ज्ञान, अर्थ लावण्याचे कौशल्य, शोध घेत संवाद साधण्याचे कौशल्य आणि चिकित्सक जाणीव हे त्याचे पाच घटक. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदीत पदे रचली. दुवा साधण्याची परंपरा या मातीत जुनीच आहे.

तथापि, अनेक भाषा येणे म्हणजे ही क्षमता आपोआप येणे नव्हे. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात राज्योत्सव, तर बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीसाठी काळा दिन. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या दिवसाच्या दोन्ही बाजू तिसऱ्या प्रांतातील श्रोत्याला इंग्रजीतून निःपक्षपणे सांगता येणे, ही चिकित्सक जाणिवेची खरी कसोटी ठरेल.

त्यासाठी नवे पाठ्यपुस्तक लागत नाही. घरातील म्हण, जत्रा किंवा सोहळा इंग्रजीत समजावून सांगण्यास तोंडी परीक्षेत गुण ठेवले, तरी सुरुवात होईल. मराठी, कोकणी आणि कन्नड घरांतील मुले एकाच बाकावर बसणाऱ्या गोव्यातील महाविद्यालयांनाही हा प्रयोग करून पाहता येईल.