खेड्यातील ख्रिस्तमंदिरे आणि आपले दायित्व

पुण्याहून दौंडास जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात निराश्रित झालेल्या मुलींना आणि बालविधवांना पंडिता रमाबाईंनी जेथे आसरा दिला, त्या मुक्तिसदनाच्या आवारात एकोणिसावे शतक सरता सरता एका विशाल प्रार्थनामंदिराचे काम सुरू झाले. बालपणी मातेच्या मुखातून पुराणे ऐकून संस्कृत आत्मसात करणाऱ्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांच्या आधारे संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि आश्रमातील स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. अशा स्त्रीने उभारलेल्या वास्तूस परकीय म्हणणे हे आपल्याच इतिहासाविषयीचे अज्ञान होय.

शिरूर-घोडनदीची साक्षही हीच आहे. येथील छावणीत १८०९ साली मृत्यू पावलेल्या कर्नल वॉलेसला रयतेने 'सत्पुरुष' मानले आणि सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून त्याच्या थडग्यावर वाहिले, असा दाखला जुन्या गॅझेटियरात आहे. परधर्मीयाच्या समाधीस आपलेपणा देणारे गाव आपल्याच भाऊबंदांच्या उपासनामंदिराविषयी उदासीन राहावे, हे शोभत नाही.

या टापूतील जुन्या मिशनवास्तू वैभवाने दिपविणाऱ्या नाहीत. काळ्या दगडाची भिंत, बैलघाण्यात मळलेल्या चुन्याच्या दर्जा, सागवानी कैच्यांवर उतरते कौलारू छप्पर आणि वारा खेळता राहावा म्हणून उंच ठेवलेल्या खिडक्या, एवढेच त्यांचे वैभव. परंतु त्यातील दगड, चुना आणि हुन्नर ही सारी याच मातीची. आज हौसेने होणारी दुरुस्तीच त्यांच्या मुळावर येते. चुन्याची भिंत श्वास घेते, पावसाळ्यात शोषलेली ओल उन्हाळ्यात बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते, जमिनीपासून हातभर उंचीवर पोपडे सुटू लागतात आणि जुना चुना चिमटीत भुगा होऊन येतो.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. कोणत्याही दुरुस्तीपूर्वी ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी वास्तूचे मोजमाप व छायाचित्रे करवून घ्यावीत, चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा, आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जीर्ण वह्यांची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या दफ्तरी ठेवावी. ज्या घराण्यांच्या हाती वतन नव्हते, सनद नव्हती आणि ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्यांचे आजे-पणजे पुष्कळदा त्या वह्यांतच प्रथम नावानिशी भेटतात. त्या वह्यांना वाळवी लागली, तर ते नुकसान केवळ मंडळीचे नव्हे, साऱ्या गावाचे होईल.