हिरवं कासव 'धोक्याबाहेर' गेलं, मग मालवणात जाळं कापायचं कशाला?

ऑक्टोबर 2025 मध्ये आययूसीएनने हिरव्या समुद्री कासवाला 'संकटग्रस्त' गटातून काढून थेट 'किमान चिंता' गटात टाकलं. कोणती प्रजाती किती धोक्यात आहे, याची जागतिक लाल यादी हीच संस्था ठेवते. 1970 च्या दशकापासून या कासवांची संख्या जगभरात सुमारे 28 टक्क्यांनी वाढली आहे. बातमी चांगलीच आहे. पण 'कासव वाचलं' म्हणून ती फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या.

कासव म्हणजे नेमकं कोणतं?

झेब्र्याचं उदाहरण घ्या. आफ्रिकेत झेब्र्याच्या तीन प्रजाती आहेत. मैदानी झेब्रे लाखोंनी आहेत, तरी 'संकटसमीप' गटात. पर्वतीय झेब्रा 'असुरक्षित'. ग्रेव्हीचे झेब्रे जेमतेम तीन हजारांच्या आसपास, म्हणून 'संकटग्रस्त'. नाव एक, अवस्था तीन. कासवांचंही तसंच. कोकणात अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले आजही 'असुरक्षित' आहे आणि हॉक्सबिल 'अतिसंकटग्रस्त'.

मालवणात काय परिस्थिती आहे?

लाल यादीतला गट जगाची गोळाबेरीज सांगतो, एका किनाऱ्याची नाही. महाराष्ट्रात हिरव्या कासवाची वीण दुर्मीळच. 2024 मध्ये मालवणजवळ देवबागला तशी नोंद झाली, तेव्हा तिची बातमी झाली. हे कासव वयात यायला 25 वर्षांहून जास्त काळ लागू शकतो. त्यामुळे जाळ्यात अडकून एक मादी मेली, तर ती जागा लवकर भरून निघत नाही.

कायदा बदलला का?

नाही. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आययूसीएनने गट बदलला म्हणून आपला कायदा आपोआप बदलत नाही.

मग भार कोणावर?

मच्छीमारावर. कासव सोडवायचं तर बऱ्याचदा जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्याचं पोट. म्हणूनच राज्य सरकारने 2018 मध्ये योजना आणली: संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं, तर फोटो किंवा व्हिडिओच्या पुराव्यावर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई.

'धोका टळला' हा समज पसरला, तर पहिला प्रश्न याच पैशावर येईल. जगात कासवं वाढली ती किनाऱ्यांचं रक्षण, शिकारीवर बंदी आणि जाळ्यांतल्या बदलांमुळे. हे थांबवलं, तर वाढही थांबेल.