साहस भांडवलाचा धीर किती?

कुर्ला स्थानकातून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे रिक्षाने निघालेल्या नोकरदाराला अवघ्या काही मिनिटांत मुंबईच्या अर्थव्यवहाराची दोन टोके दिसतात. अलीकडे लेथ, ड्रिल आणि प्रेस यांवर जॉबवर्क करणारे गाळे. मिठी नदीपलीकडे राष्ट्रीय शेअर बाजार, ‘सेबी’ आणि बड्या वित्तसंस्था. भांडवल आणि यंत्र इतके शेजारी असूनही त्यांची गाठ क्वचितच पडते. ती का पडत नाही, याचे उत्तर औद्योगिक ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ या क्षेत्रातील नवउद्योगांच्या अनुभवात सापडते.

या तंत्राचा गाभा साधा आहे. यंत्राच्या बेअरिंगजवळ बसविलेला संवेदक कंपने व तापमान सतत मोजतो, ती माहिती इंटरनेटवरून संगणकाकडे जाते आणि यंत्र बंद पडण्यापूर्वीच इशारा मिळतो. पुण्यात २०१३ मध्ये स्थापन झालेली अल्टिझॉन आणि तिच्यामागून आलेली इन्फायनाइट अपटाइम या कंपन्या याच क्षेत्रातील. तंत्रज्ञ आपल्याकडे आहेत, कारखानेही आहेत. प्रश्न आहे तो पैशाच्या स्वभावाचा.

बेन अँड कंपनीच्या वार्षिक अहवालांनुसार भारतातील साहस भांडवलाची गुंतवणूक २०२१ मध्ये सुमारे ३८ अब्ज डॉलर होती. २०२३ मध्ये ती १० अब्जांच्या खाली आली आणि २०२४ मध्ये पुन्हा १४ अब्जांच्या जवळ पोहोचली. या भरती-ओहोटीत मोठा वाटा ग्राहकोपयोगी व्यापार, सॉफ्टवेअर आणि वित्तसेवा यांना मिळत आला. कारखान्याच्या वाट्याला भरतीत थोडेच आले. ओहोटीची झळ मात्र त्यालाही लागली.

याला गुंतवणूकदारांचा भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. साहस भांडवलाच्या निधीची मुदत साधारणतः दहा वर्षांची असते. पहिल्या चार-पाच वर्षांत पैसा गुंतवावयाचा आणि उरलेल्या काळात नफ्यासह बाहेर पडावयाचे, असा त्याचा क्रम. कारखान्याचा क्रम निराळा. प्रथम एका विभागात चाचणी, मग जे यंत्र बंद पडलेच नाही त्याच्यामुळे किती पैसे वाचले याचा हिशेब, मग पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद. शिवाय प्रत्येक कारखान्याची यंत्रे वेगळी. त्यामुळे दरवेळी अभियंता पाठवावा लागतो. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने २०१५ मध्ये चाकणला अद्ययावत कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी २०२० पर्यंत जगातील पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत बसण्याचे ध्येय जाहीर केले. २०१८ मध्ये तिला तो डिजिटल व्यवसाय आवरता घ्यावा लागला. अवाढव्य कंपनीला जी घाई सोसली नाही, ती नवउद्योगाला कशी सोसावी?

म्हणून हे नवउद्योग साहजिकच पोलाद आणि सिमेंटच्या मोठ्या कारखान्यांकडे वळतात. गाळेवाल्याचे काय? त्याचे जुने लेथ कारागिराच्या कानाच्या भरवशावर चालते. मासिक वर्गणीचे उपकरण घ्यावयाचे तर हाती रोकड हवी, आणि ती मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकलेली असते. लघुउद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत, असा कायदा २००६ पासून आहे. तरीही २०२४ पासून त्याला प्राप्तिकराचा चाप लावावा लागला, यातच सारे आले. बिले वेळेवर वसूल होणे हे येथे तंत्रज्ञानाइतकेच महत्त्वाचे ठरते.

शासनाने काही केले नाही, असे नाही. १९७२ मध्ये भट समितीने साहस भांडवलाची शिफारस केली. २०१६ मध्ये ‘सिडबी’मार्फत १०,००० कोटी रुपयांचा निधी उभारण्यात आला. परंतु तो पैसा खासगी निधींमार्फतच वाटला जातो. म्हणजे पैसा सरकारचा असला तरी मुदत खासगी निधीचीच. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या एक लाख कोटींच्या संशोधन-विकास योजनेत दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज हा भाग आहे. तो खऱ्या अर्थाने पाळला गेला, तर ही उणीव काही अंशी भरून निघेल.

येथे कुर्ल्याचा इतिहास आठवतो. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या येथील आवारात आता मोटारी बनत नाहीत, इमारती उभ्या आहेत. बंद पडलेली कमानी ट्यूब्ज १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवावयास घेतली. कामगारांच्या ठायी धीर होता. तोटा सोसण्याचे बळ नव्हते. कारखाना काही वर्षे चालून थांबला. साहस भांडवलदाराचे दहांपैकी सात उद्योग बुडाले, तरी उरलेले तीन त्याला तारू शकतात. कामगाराजवळ आणि गाळेवाल्याजवळ एकच उद्योग असतो.

हा भेद आजही लागू आहे. निधी आटून एखादा नवउद्योग बंद पडला, तर गुंतवणूकदार रक्कम बुडीत खाती टाकतो. परंतु त्याच्या सेवेवर विसंबलेल्या कारखान्यातील उपकरणे मुकी होतात आणि साठलेली माहितीही हातची जाते. तेव्हा सार्वजनिक पैसा देताना दोन अटी घालणे अवाजवी ठरू नये. यंत्राच्या माहितीवर कारखानदाराचा हक्क राहावा, आणि निधीचा काही भाग औद्योगिक वसाहतींतील लहान गाळ्यांसाठी सामायिक सेवा उभारण्याकडे वळावा. मिठीच्या पलीकडच्या पैशाला अलीकडच्या लेथपर्यंत आणावयाचे असेल, तर त्या पैशाची मुदत लेथच्या आयुष्याकडे पाहून ठरवावी लागेल.