नवे अंगठेबहाद्दर

मुरगूडसारख्या गावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आठवत असेल. पोस्टमनच्या हातात ते दिसले की मजकूर वाचण्यापूर्वीच घराला बातमी कळे. ते पत्र कोणी जपून ठेवीत नसे. वाचून फाडून टाकीत. ही रीत टपाल खात्याने शिकविली नव्हती. पोस्टकार्ड इंग्रजी अमलात आले, पण त्याचा शिष्टाचार समाजाने स्वतः घडविला.

आज तीच बातमी फेसबुकवर येते आणि तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागते. ‘लाईक’चा हा अंगठा 2009 साली आला, दुःख दर्शविणारे वेगळे चिन्ह यायला 2016 साल उजाडले. मधली सात वर्षे ‘वडील गेले’ या शब्दांखालीही अंगठाच उमटत होता. दुःखाच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणू नये, हे ज्यांना मुद्दाम शिकवावे लागत नाही, त्यांचीही येथे गफलत झाली. हेतू वाईट नव्हता, रीत ठाऊक नव्हती. न विचारता दुसऱ्याचे नाव छायाचित्राला जोडणे, रुग्णशय्येवरील आप्ताचे चित्र चारचौघांत टाकणे, दोघांचा वाद गावाच्या गटावर मांडणे, ही त्याच अज्ञानाची रूपे. परक्या घरी ओसरीवरून हाक देऊन थांबणारे आपण, येथे मात्र थेट माजघरात शिरतो.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती, तर हसून सोडून देता आली असती. परंतु 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. ज्यांना दारातून रिकाम्या हाताने परत पाठवू नये असे आपल्याला आजीने शिकविले, त्या माणसांचा हा अंत! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तसा शिक्का दाखविण्यास प्रारंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. आपण स्वतः पाळायचा संयम शेवटी यंत्राने आपल्यावर लादला.

कोल्हापूर जिल्ह्याला तर दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. जून 2023 मध्ये, शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, काही तरुणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून संताप उसळला. 7 जूनच्या कोल्हापूर बंदला हिंसक वळण लागले, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. असे स्टेटस ठेवणाऱ्यांचा दोष कायद्याने ठरवावा, यात दुमत नाही. परंतु स्टेटस चोवीस तासांत आपोआप नाहीसे होते. त्याचे चित्र टिपून ‘निषेध’ म्हणून दहा गटांवर धाडणारा नकळत त्याच मजकुराचा प्रचारक ठरतो. आणि ज्या दुकानदारावर दगड येतो, त्याने ते स्टेटस बहुधा पाहिलेलेही नसते. आक्षेपार्ह मजकुराचा पुरावा पोलीस ठाण्यात द्यावा. त्याची जाहिरात करू नये. कार्यकर्त्याने तरी हा विवेक सोडता कामा नये.

हे शिक्षण घरातूनच सुरू व्हावयास हवे. आजोबांना नातवाने दुहेरी बाणाचा अर्थ सांगावा, की हा संदेश अनेक हात फिरून आला आहे, पाठविणाऱ्याला तो स्वतःला ठाऊक असेलच असे नाही. आणि नातवाला आजोबांनी सांगावे, की जे समोरासमोर म्हणता येत नाही, ते पडद्याआडूनही म्हणू नये. दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे आहे.

पूर्वी निरक्षराला लोक अंगठेबहाद्दर म्हणून हिणवीत. तरीही त्यातला शहाणा माणूस कागद कसला आहे, हे चार जणांकडून वाचून घेतल्याखेरीज अंगठा उमटवीत नसे. एका अंगठ्यावर जमीन जाते, हे त्याला ठाऊक होते. आज पदवीधर माणूस न वाचताच अंगठा दाबून मोकळा होतो. त्याने आपली जमीन जात नसेल. पण राईनपाड्यात पाच जणांचे प्राण गेले आहेत.