नफ्यातलं वैराग्य



धंदा बुडाला की वैराग्य सुचतं, असं आपल्या व्यापारी घरांत चेष्टेनं म्हणतात. वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांनी मात्र चालता धंदा सोडला. ते तरुणपणीच जपानला गेले, जेझुइट पाद्र्यांबरोबर धर्मकार्य केलं; पण त्या संघात त्यांना घेतलं नाही. मग व्यापारात उतरले, जम बसला, तरी ओढ गेली नाही. मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर. जपानी येत असल्यानं १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तेही होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

इथे घोडेगावात कांद्याचा भाव चढला की ४८ मिनिटांचं सामायिकही आपल्याला लांबलचक वाटतं! आणि दीक्षार्थीनं किती संपत्ती सोडली, ते मात्र पत्रिकेत ठळक छापतो. मला गोन्सालोंचं मोठेपण त्या धाकट्या जागेत दिसतं. एवढा कमावता माणूस, आणि दुसऱ्याचे शब्द पोचवायला उभा राहिला.

पुढच्या दीक्षेच्या पत्रिकेत संपत्तीचा आकडा नको, असं मी स्थानकात सुचवणार आहे. तुमचं काय मत?